बेस्तरवारचं सूप

शिवदास बोलला, तेव्हा कमलाक्षीच्या हातात पेजेचा वाडगा होता. तो पडला नाही, एवढंच.

अर्धांगाचा झटका येऊन गेला, इस्पितळातून घरी आणला, तेव्हापासून त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. पार्श्यातलं अर्धं गाव त्याच्या पहिल्या शब्दासाठी पायरीवर येऊन बसून गेलं होतं. कमलाक्षीला वाटायचं, देवाचं नाव घेईल. नाहीतर लेकीचं घेईल. फारच प्रेम उतू गेलं तर तिचंही घेईल, कोण जाणे. आणि सोमवारी सकाळी, ज्या वारी त्या घरात अंडंसुद्धा फुटत नाही त्या वारी, तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून पण अगदी स्पष्ट म्हणाला,

"वाटाण्याचां सूप. हॅम घालून."

"काय?"

"सूप," शिवदास म्हणाला. "हॅम." आणि तोंड मिटून घेतलं. तिने पेजेचा चमचा ओठांशी नेला तसे ते ओठ असे घट्ट झाले, जसा ओहोटीला शिंपला.

हे तोंड मिटणंच तर सगळ्यांच्या जिवाला लागलं होतं. गिळता येतंय, डॉक्टर म्हणाले होते, घशाला काही नाही. पण खातच नाहीत, त्याला आम्ही काय करणार? असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. धाकट्या दिराने, अनंतने, शुक्रवारची गाडीसुद्धा ठरवून टाकली होती. कमलाक्षीने इस्पितळात शेजारच्या खाटेवर नळी घातलेला माणूस पाहिला होता. त्याचे दोन्ही हात खाटेला बांधलेले होते, नळी उपटू नये म्हणून. त्या दिवसापासून तिला डोळे मिटले की ते हात दिसायचे, आणि मनगटावर घड्याळ शिवदासचं दिसायचं.

तेव्हा शुक्रवारच्या आत नवऱ्याच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं. आणि तो मागत होता डुक्कर.

कमलाक्षीला डुकराचा तिटकारा होता असं नाही. ते ह्या घरात कधी आलंच नव्हतं, जसं विमान आलेलं नव्हतं. घरात मासळी होती, महिन्यातून एकदा कोंबडी होती, तिचा टोप वेगळा होता आणि तो मागच्या पडवीत उपडा असायचा. वार ठरलेले होते. सोमवार शंकराचा, बेस्तरवार म्हणजे गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी वरणभात आणि भाजी. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे, नुस्त्याचे. दारावरून जाणाऱ्या माणसाने नुसता वास घेतला तरी त्याला आज कुठला वार ते कळावं, असं ते घर.

शिवदासचा जन्म गेला मालवाहू जहाजांवर, भटारखान्यात. पण घरी आला की चुलीकडे फिरकायचा नाही. "जमनीवर माका फक्त भूक लागता," म्हणायचा, "शिजवूक येयना." तिने एकदा, लग्नाच्या नव्या नवलाईत, विचारलं होतं, "थंय त्यांका काय वाडतास हो?" तर म्हणाला, "वाडतंय कायतरी." त्या 'कायतरी'वर कमलाक्षीने संसार केला. आता इतक्या वर्षांनी तिला कळत होतं की 'कायतरी'ला चार पाय होते.

तो स्वतः खायचा का? इथे सोमवारी बेलाचं पान वाहणारा माणूस तिथे ताटात काय घेऊन बसायचा? तिला राग येत होता की हसू, तेही तिचं तिला कळेना.

अनंत रोजच्यासारखा सकाळी आला. अंगणापलीकडेच त्याचं घर, दर बेस्तरवारी तिथून दत्ताच्या आरतीची घंटा ऐकू यायची. खुर्ची ओढून भावासमोर बसला आणि मोठ्याने, जणू शिवदास बहिरा झाला होता, विचारलं, "दादा! आज वार कसलो?"

इस्पितळात डॉक्टर असं विचारायचे, म्हणून घरी येणारा प्रत्येक जण विचारत असे. शिवदास त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग भिंतीकडे वळला.

"सोमार, दादा. सोमार," अनंतने स्वतःच उत्तर देऊन टाकलं. कमलाक्षीने त्याला पडवीत नेऊन सकाळचा प्रकार सांगितला.

"वयनी, मेंदवाक झटको बसलो काय माणूस कायपण मागता," तो म्हणाला. "तुये गावचो एक म्हातारो खडू मागी होतो."

"दिलो?"

"माका काय खबर? पण म्हणान आमी घरात डुकर हाडूचो? आवशीन ह्या चुलीर..."

"चुलीर कोण घालता? मागे तीन धोंडे मांडतंय. आणि बुधवारी करतंय, नुस्त्याच्या वाराक. तुमच्या बेस्तरवाराक धक्को नाय."

"आणि खाल्ल्यान नाय तर?"

"तर शुकरारी तुमची गाडी आसाच," कमलाक्षी म्हणाली, आणि आत जाऊन फोन उचलला.

लेक सेजल डिचोलीला दिलेली, तिथेच नोकरीला. तिला फोन लावला.

"आई, हॅम म्हणजे डुकराचं असतं, ठाऊक आहे ना तुला?"

"मग काय झाडाक लागता असां वाटलां माका?"

"तसं नाही गं. बरं, मी व्हिडिओ पाठवते. सोपं आहे. फुटलेले हिरवे वाटाणे, कांदा, गाजर, बटाटा, तमालपत्र, आणि हाडासकट हॅम. सगळं एकत्र शिजवायचं, वाटाणे विरघळेपर्यंत."

"फोडणी?"

"नाही."

"खोबरां?"

"नाही, आई."

"मगे त्येका चव कसली?"

"हॅमची!" सेजल म्हणाली. मग सेजलने हळूच विचारलं, "बाबा खातील ना गं?"

पेडण्याच्या बाजारातल्या दुकानदाराने फुटलेले वाटाणे म्हटल्यावर तिच्याकडे संशयाने पाहिलं. "फुटलेले आमी परत धाडतंव, वैनी. विकणंव नाय." तेव्हा तिने अख्खे हिरवे वाटाणे घेतले आणि दुपारभर जात्यावर बसून भरडले. जात्याला वाटलं असेल, कसलंतरी मंगळकार्य निघालं. सालं पाखडून उडवली, हिरवीगार डाळ सुपात पसरली, आणि तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं. डाळ म्हणजे डाळ. डाळीशी तिचं जमत होतं.

हॅमचं काम एस्पेरांसाने केलं. ही तिची शिवोलीची मैत्रीण, पुलापलीकडची. दोघींचे नवरे तारवटी, म्हणजे जहाजांवर कामाला, एकाच कचेरीसमोर पगाराच्या रांगेत उभं राहून मैत्री झालेली. तिचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. बुधवारी सकाळी ती स्कूटरवरून आली, मांडीएवढा तुकडा केळीच्या पानात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर टॉवेल.

"कितें गो बाये, चोरून हाडपाचो माल व्हडलो हो," ती म्हणाली. "शेजाऱ्यांनी विचारल्यार सांगतलें आशिल्लें, नातू म्हूण."

"येवढो कित्याक?"

"हाड होया तर येवढोच येता. अर्धो आज घाल, अर्धो फाल्या."

"फाल्या नाय. फाल्या बेस्तरवार," कमलाक्षी म्हणाली, आणि अर्धा तुकडा मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फात, मागच्या मांगरात, लाकडांच्या खोपीत ठेवला. फ्रिजच्या दाराला लक्ष्मीचं चित्र होतं.

मागे तीन धोंडे मांडले. कोंबडीचा टोपही नको, म्हणून रंगकामाला आणलेला एक नवाच टोप काढला. गुलाबी मांस, पांढरी चरबी, होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या राखेसारखा धुरकट वास. कमलाक्षीने ते चिमट्याने धरून टोपात सोडलं, डोळे अर्धे मिटून. वाटाणे रटरटू लागले, फुटले, विरले. एक लाकूड ओढावं, एक सारावं, असं दुपार होईस्तोवर चाललं. मधेच तिचा हात सवयीने गेला आणि चिमूटभर हिंग पडलाच. एस्पेरांसाने कपाळाला हात लावला.

"हॅमाक हिंग!"

"वाटाण्याक घातलां मी. हॅमाचां हॅम बघून घेयत."

सूप झालं ते दाट, शेवाळी हिरवं, चमचा उभा राहील असं. शिवदासला खुर्चीत बसवून वाडगा समोर ठेवला. त्याने वास घेतला. आणि त्याचा चेहरा असा काही उघडला की कमलाक्षीने पदर तोंडाला लावला. डाव्या हाताने त्याने चमचा उचलला. मग थांबला. मान वळवून खिडकीबाहेर, अंगणापलीकडे, अनंतच्या घराकडे ऐकू लागला.

"घांट खंय?" तो म्हणाला.

"कसली घांट?"

"अनंताची. आरतेची." त्याने वाडग्याकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे. "बेस्तरवार ना?"

"नाय वो. आज बुधवार."

"सूप आसा," शिवदास म्हणाला. आवाज चढला. "सूप आसा तर बेस्तरवार!"

"बुधवार, बुधवार. खावा तुमी."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की भीतीचं, सांगता आलं नसतं. चमचा खाली पडला, वाडगा कलंडला, हिरवं सूप मेजावरून ओघळून त्याच्या लुंगीवर आलं, आणि तो तोंड मिटून भिंतीकडे वळला. संध्याकाळी त्याने पाण्याचा घोटही धड घेतला नाही.

कमलाक्षी फरशी पुसत बसली. एकच कोपरा किती वेळ पुसतेय हे तिला कळत नव्हतं. "काय चुकलां माजां?" ती म्हणाली. "मागलां ता दिलंय. हिंगान असां केल्यान?"

एस्पेरांसा तिच्याशेजारी खाली टेकली. "हिंग नाय गो," ती म्हणाली. "म्हजो घोव सांगायचो, दर्यार वार नसता. आज पाणी, फाल्या पाणी, परवां पाणी. कुक काय वाडता त्येच्यार वार ओळखायचो. शुक्रवारी नुस्तें, आयतारी कोंबी. त्येच्या बोटीर बेस्तरवारी सूप आसतलें."

कमलाक्षीचा हात थांबला.

इस्पितळातून आल्यापासून तिने त्याला काय दिलं होतं? पेज. सोमवारी पेज, बुधवारी पेज, रविवारी पेज. आजाऱ्याला बाधू नये म्हणून मासळीचा वाससुद्धा दुसऱ्या खोलीत. जहाजावर वार ताटात, घरी वार ताटात. आणि तिने ताटच पुसून टाकलं होतं. वर रोज सकाळी उठून सगळे जण त्याला विचारायचे, वार कसलो? आणि आज तिने सूप दिलं ते बुधवारी. वाट चुकलेल्या माणसाला तिने खुणेचा दगडच उचलून भलतीकडे ठेवून दिला होता.

म्हणजे आता करायला हवं ते उद्या. बेस्तरवारी. दत्ताच्या दिवशी, दिराच्या आरतीच्या वेळी, डुक्कर. ह्याला उपाय म्हणावं की आणखी एक घोटाळा, हे तिला ठरवता येईना. पण परवा गाडी होती.

बेस्तरवारी सकाळी तिने आंघोळ केली, देवाला फुलं वाहिली, आणि दत्ताच्या तसबिरीला म्हणाली, "तुमच्याकडे कुत्रे आसत, गाय आसा. एक दिवस हेकाय सांभाळून घ्या." मग मागे जाऊन जाळ पेटवला. आज तिने शिवदासला खुर्चीसकट मागे आणवलं. दोन गडी लागले. टोपाच्या शेजारी, सावलीत, धूर जाणार नाही असा बसवला. वाटाणे शिजत होते आणि तो त्यांच्याकडे पाहत होता, जसं कोणी आपल्या गावची बस येताना पाहतं.

पलीकडे आरती सुरू झाली. घंटा वाजली. शिवदासने मान डोलावली, हिशेब जुळल्यासारखी.

कमलाक्षीने पेटी उघडली, मांसाचा तुकडा काढला आणि घाईघाईने टोपावर धरला. अनंत यायच्या आत हे एकदाचं बुडलेलं बरं. तेवढ्यात तिच्या मनगटावर शिवदासचा डावा हात पडला. त्या हातात इतकी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला. "आधी माजो काड."

"तुमचो काय?"

"वाडगो. हॅम पडायच्या आधी." तिला कळत नाही असं पाहून तो चिडला, अगदी नीट, निरोगी माणसासारखा चिडला. "सेकंड, नवो काय तू? माका बेस्तरवारी चलणां नाय."

सेकंड म्हणजे भटारखान्यातला दुय्यम कुक, एवढं कमलाक्षीला ठाऊक होतं. आपण ह्या क्षणी पार्श्यात आहोत की कुठल्या समुद्रावर, हे मात्र ठाऊक नव्हतं. तिने मांस पानावर ठेवलं, पळी घेतली, आणि नुसत्या वाटाण्याचा वाडगा भरून काढला. त्याने मीठ मागितलं. तिने दिलं. त्याने मिरी मागितली. मग तोंड उघडलं.

एक चमचा. दुसरा. तिसऱ्याला त्याने चमचा स्वतःच्या हातात घेतला. थोडं हनुवटीवरून ओघळलं, बाकीचं गेलं. खाली, जिथे जायला हवं तिथे. ती त्याच्या कंठाकडे पाहत होती. गाठ वर जायची, खाली यायची. एवढी सुंदर गोष्ट तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"आता घाल," त्याने मांसाकडे बोट केलं.

"कोणाक? तुमी तर खाणास नाय."

"पोरां उपाशी आसत."

तिने घातलं. टोपात बुडबुड झाली आणि तो धुरकट वास उठला, त्याच वेळी अनंत मागच्या दाराने आला, कपाळाला गंध, तळहातावर प्रसाद. वासाने तो उंबऱ्यावरच थबकला.

"वयनी! आज? आज बेस्तरवार!"

"बेस्तरवारच," शिवदास म्हणाला. तोंड पुसायला त्याने पंचा मागितला. "तुजी आरती झाली? मगे प्रसाद दी."

अनंतने भावाकडे पाहिलं, रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, टोपातून वर आलेल्या गुलाबी हाडाकडे पाहिलं. "दादा, तू ह्यां... ह्यां खाल्लंस?"

"माजो आधी काडून ठेवलो." शिवदासने डावा हात पुढे केला. "असो कसो तू? आज वार कसलो ता तुका कळणां नाय?"

शिवदासच्या तळव्यावर अनंतने साखरखोबरं ठेवलं, आपला हात टोपाच्या वाफेपासून लांब धरून. शिवदासने ते कपाळाला लावलं, तोंडात टाकलं आणि चावू लागला. चावू लागला! कमलाक्षीने चमच्याने पेज भरवायला गेल्या आठवड्यात किती मिनतवाऱ्या केल्या होत्या.

"अहो," तिने वाकून हळूच विचारलं, "आणि बाकीच्या वारांक? बाकीच्या वारांक खायचास हॅम?"

शिवदासच्या तोंडाचा चालता कोपरा वर गेला. हसला असावा. डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसला, आणि तिला कळलं की ह्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा 'कायतरी' असंच राहणार आहे. आपण कोणाशी लग्न केलं हे शोधायला तिला आणखी बराच वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ आता मिळेल असं दिसत होतं.

"सेकंड," तो डोळे न उघडता म्हणाला, "ढवळ. बुडाक लागतलां. आणि फाल्या शुकरार. नुस्तां बरां बघून हाड, कालच्यासारखां शिळां नको."

काल तिने मासळी आणलीच नव्हती. कुठली शिळी मासळी, कुठल्या बंदरातली, कुठल्या सालची, कोण जाणे. "बरां," कमलाक्षी म्हणाली आणि ढवळू लागली.

अनंत अजून तिथेच उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. "ह्या टोपाचां काय करतलंस, वयनी? येवढां खातलो कोण?"

"पोरां उपाशी आसत म्हणता. कोणाची पोरां, ता माका इचारू नका." तिने जाळातलं एक लाकूड मागे ओढलं. "एस्पेरांसाक फोन करतंय. ती नातवांक घेवन येयत."

"आणि फाल्याची गाडी? त्येका काय सांगू?"

कमलाक्षीने शिवदासकडे पाहिलं. तो खुर्चीत झोपला होता. हनुवटीवर हिरवा थेंब तसाच होता, वाळत आलेला. तो पुसायला तिने पदर उचलला, मग त्याची झोप मोडेल म्हणून राहू दिला.

"सांगा," ती म्हणाली, "शुकरारी आमच्याकडे नुस्तां आसा."